दुसरा नॉब

वडील गेल्यावर वाटणीची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला होता, "घर तू ठेव. आपला तो टीव्हीवरचा टेनिसचा गेम तेवढा मला दे." धाकट्याला वाटलं, दादाला हवाय ना, मग मी का सोडू? त्याने हट्टाने गेम ठेवून घेतला, आणि एवढ्याशा डब्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

परवा दादा अचानक गेला. त्याला निरोप देऊन आल्यावर धाकट्याने माळ्यावरून तो गेम काढला आणि दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. वायरी जोडल्यावर काळ्या पडद्यावर एकेका नॉबने वरखाली होणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या, मधे चौकोनी चेंडू टुकटुक करू लागला.

"झाला बघा चालू. पण साहेब, हा अगदी पहिल्या जमान्यातला. यात मशीन आपल्याशी खेळत नाही. समोर माणूसच लागतो."

"माहितीये," धाकटा म्हणाला.

दुरुस्तीवाला गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. एक नॉब उजव्या हातात धरला, दुसरा डाव्या.

आणि जन्मात पहिल्यांदा त्याने दादाला जिंकू दिलं.