साठच्या साठ

शाळेच्या खिडकीचे गज धरून मसाजी ओरडत होता आणि बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टर करुणाचं डोकं तापत चाललं होतं.

"मॅडम, माझ्या तोंडात तपासायची काडी कोनी घातलीच न्हाई. मंगळवारी मी मेंढ्या घिऊन कनेरगाव नाक्याकडं होतो. मला काहून कोंडलं?"

"रिपोर्टमध्ये तुमचं नाव आहे."

"मेंढ्या व्याल्या तिकडं. कोकरं मरून राहिली."

"आणि गाव मेलं तर चालेल?"

दोन हजार नऊचा ऑगस्ट. स्वाइन फ्लूनं सगळ्यांची झोप उडवलेली. माळझऱ्याच्या आरोग्य केंद्रात करुणा एकटी डॉक्टर. पुण्यात नवं यंत्र आलं होतं, ते एका दमात नव्वद नमुने तपासायचं. मग ते अर्धं रिकामं कसं चालवायचं? म्हणून जिल्ह्याहून रोज फोन. दोन-चार नमुने पाठवू नका, एकदम साठ पाठवा. गावात कुणी आजारी आहे का, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

मंगळवारी करुणाला बैठकीसाठी हिंगोलीला जावं लागलं. ती परतली तोवर केंद्रातला तंत्रज्ञ शिवहार यानं साठ नळ्यांवर नावं लिहून त्या बर्फाच्या डब्यात भरल्यासुद्धा होत्या. शिवाय तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, शीतलला, जेवू घालून झोपवलं होतं. इतका कामाचा माणूस मिळाला म्हणून तिला बरं वाटलं होतं.

शनिवारी निकाल आला. साठच्या साठ पॉझिटिव्ह. जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. करुणाला मात्र घाम फुटला. शीतल आठव्या महिन्यात जन्मलेली, छातीनं नाजूक. साधी सर्दी झाली तरी तिला नांदेडच्या दवाखान्यात ठेवावं लागायचं. करुणानं पोलीस बोलावले, साठही जणांना शाळेत कोंडलं आणि केंद्रात होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या त्यांना वाटून टाकल्या. लोकांनी शिव्या दिल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या. लेकरापुढं तिला गाव दिसत नव्हतं.

मसाजीच्या मागून एक म्हातारी पुढं आली.

"आमच्याबी तोंडात कोनी काडी घातली न्हाई, बाई."

मग तिसरा तेच म्हणाला, चौथाही तेच म्हणाला. करुणाला आता शंका आली. साठ माणसं एकच खोटं इतकं जुळवून बोलत नाहीत.

ती तडक केंद्रात आली. शीतल बाकावर झोपली होती. शिवहार मतदारयादी समोर ठेवून पुढच्या साठ नळ्यांवर नावं लिहीत होता.

"मंगळवारी तू लोकांचे नमुने घेतलेस का?"

शिवहारनं पेन खाली ठेवलं. "न्हाई."

"काय?"

"लोक रानात पळाले, मॅडम. एकबी आलं न्हाई. अन् वरून फोनावर फोन येऊन राहिले."

"मग नळ्यांत काय भरलंस?"

"एकाचाच नमुना घेतला. त्याचंच पाणी थेंब थेंब साठ नळ्यांत वाटलं. सगळे निगेटिव्हच येतील वाटलं."

करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धडधाकट साठ माणसं तिनं गुरांसारखी कोंडली होती, आणि गोळ्याही त्यांच्याच पोटात गेल्या होत्या. तिनं ती यादी उचलून त्याच्या तोंडावर फेकली.

"तुला तर मी तुरुंगात धाडणार आहे. पण आधी त्या एकाचं नाव सांग. गावात आजारी तो एकटाच आहे आणि चार दिवस मोकळा हिंडतोय. कोण आहे तो?"

तिनं त्याची कॉलर धरली.

"तुमची शीतल," तो म्हणाला. "बिस्किट दिलं त तिनंच तेवढं तोंड उघडलं."