बारावा बिल्ला

कडूबाईंनी देवघरातला पितळी बिल्ला काढून पदराने पुसला, तेव्हा कुठे कानिफनाथचा जीव भांड्यात पडला.

शेवगाव ते नगर धावणारा घोड्यांचा शिगराम त्याच्या आजोबांचा, आप्पासाहेबांचा. त्या काळची बसच ती, बारा माणसांची. चढताना प्रवाशाला बिल्ला मिळायचा. पुढे मोटारी आल्या म्हणून आजोबांनी गाडी बंद केली, असं घरात सांगत. कागद म्हणाल तर चिटोराही उरला नव्हता. उद्या नगरच्या प्रदर्शनात पुरावा मांडला, की गावातल्या चौकाला आजोबांचं नाव मिळणार होतं. त्याला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

सहा वर्षं त्याने गावं पालथी घातली. अकरा बिल्ले मिळाले. सगळेच्या सगळे देवघरात, पितरांच्या टाकांशेजारी, हळदीकुंकवाने माखलेले. ते तिथे का, हे घरातल्या नव्या मंडळींना ठाऊक नव्हतं. त्यांनी खुशाल देऊन टाकले. कानिफनाथचा मात्र ऊर भरून यायचा. लोकांनी त्याच्या आजोबांना देवाच्या पंगतीला बसवलं होतं. त्याने बारा खाचांची चौकट करून घेतली आणि भेटेल त्याला सांगत सुटला, आता एक मिळाला की गाडी भरली.

नव्वदीच्या कडूबाईंनाही त्याने चौकट दाखवत तेच ऐकवलं. लोकांनी बिल्ले किती मायेने जपलेत, तेही सांगितलं.

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "लोकांकडं बिल्ला ऱ्हायचाच कुठं रे? उतरताना परत द्यायला लागायचा."

"मग हा कसा राहिला?"

"माजी आय उतरलीच न्हाई. नदीला पूर हुता. लोक थांब म्हनत हुते, तरी तुज्या आज्यानं चाबूक वढला. घोडी सोडवून त्यो काठाला लागला. माणूस एक वाचलं न्हाई. आयच्या मुठीत ह्यो घावला. मी पाच वर्साची हुते."

कानिफनाथने चौकट पिशवीत सारायला घेतली, पण म्हातारीने ती आपल्या मांडीवर ओढली. अकरा बिल्ल्यांवरून बोट फिरवत ती ओठातल्या ओठात एकेक नाव घेत राहिली. मग बारावा तिने आपल्याच हाताने खाचेत बसवला.

"घे बाबा," ती म्हणाली. "भरली तुजी गाडी."