धोतरातली कुसळं

भाईदासनाना आणि पार्वताबाईंच्या पहिल्या नातवाचं बारसं झालं, ते २०२३ साल. त्याच दिवाळीनंतर त्यांची मुलगी मृणाली वडिलांचा जुना कॅमेरा घेऊन गाडीनं देश फिरायला निघाली. किल्ले, नद्या, वाळवंट, सगळ्यांचे फोटो काढायचे होते. मुळात हे भाईदासनानांच्या मनातलं. पण त्यांचा जन्म पिंप्राळ्यात पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला, आणि मग लकव्यानं पायही नेले, वाचाही नेली.

पार्वताबाईंना एकच घोर होता, हा माणूस मनातलं मनात ठेवूनच जाणार.

पहिल्या दिवशी मृणालीनं धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावरून फोन केला. संध्याकाळी नानांचं धोतर बदलताना पार्वताबाईंच्या बोटाला काहीतरी टोचलं. सहा महिने खाटेवरून न उठलेल्या माणसाच्या धोतराला गवताची कुसळंच कुसळं.

मृणाली कच्छच्या रणात पोचली, त्या दिवशी नानांच्या तळव्यांवर पांढरं काही वाळलं होतं. पार्वताबाईंनी चाखून पाहिलं. खारट.

त्या घाबरल्या नाहीत. उलट जीव हलका झाला. रोज गरम पाण्यानं पाय धुताना म्हणायच्या, "तुमना पाय काही घरमा टिकत नही!" नाना गालातल्या गालात हसायचे.

महिन्याभरानं भडगावहून फोन आला. "आई, गिरणाकाठी शेवटचा फोटो काढला. दीड तासात घरी येते."

पार्वताबाई पाणी घेऊन खाटेशी गेल्या. आज पायांना ना धूळ होती, ना वाळू. पाय स्वच्छ होते आणि थंडगार.

"आजून उनात नही का?" अजून परत आला नाहीत का, असं त्यांनी हळूच विचारलं.

भाईदासनाना १९ डिसेंबर २०२३ रोजी दुपारी चार वाजता वारले.