मॅडमची खुर्ची

गोदामात सामान नोंदवायला स्कॅनर आला, त्याच दिवशी मी शिकलो. कुणी शाबास म्हणालं नाही. शेजारच्या टेबलावरचे काका मात्र महिनाभर अडून बसले, तर साहेबांनी त्यांच्यासाठी खास ट्रेनर मॅडम आणल्या. त्या रोज खुर्ची काकांजवळ ओढून हळुवार विचारायच्या, "काका, नेमकी कशाची भीती वाटते?" मला घरीसुद्धा असं कुणी विचारत नाही. माझा नुसता जळफळाट! शेवटी मी स्कॅनर कपाळाला लावून म्हणालो, "मॅडम, मलाही धडधडतं." खुर्ची माझ्याकडे आली. मी तोंड उघडणार, तोच मागे टूं टूं! काकांनी सगळी खोकी धडाधड स्कॅन केली, वर स्वतःचा डबाही. "शाबास काका! ह्यालाही तुम्हीच शिकवा," म्हणत मॅडम खुर्चीसकट काचेच्या केबिनमधल्या अकाउंटवाल्याकडे गेल्या. आम्ही काचेतून बघत राहिलो. "त्याला म्हणे कीबोर्डची भीती वाटते," काका दातओठ खात म्हणाले. "नाटकी लेकाचा!"