त्या घरातलं

रविवारी संध्याकाळी कोर्टाच्या बाईंनी कौमुदीच्या कपाळावरची आठवणी पुसणारी पट्टी काढली आणि तिला आईच्या दारात सोडलं. बाबांच्या घरचे पंधरा दिवस नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यातून पुसले गेले होते. घटस्फोटाच्या वेळी ही अट तिच्या आईनेच, वर्षाने, घातली होती, "त्या घरातलं काहीही या घरात यायला नको."

सात वर्षांची पोर आत आली ती थेट उशी खांद्यावर घेऊन थोपटत बसली. चार महिने ती तिकडून आली की हेच करायची. विचारलं तर म्हणायची, "माहीत नाही, हात आपोआप हलतात." तिकडे बाळ झालंय, हे वर्षाला तेवढ्यावरून कळलं होतं. तिने पुढे चौकशी केली नाही.

आज मात्र थोपटता थोपटता कौमुदीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"काय झालं गं?"

"काहीच नाही. आई, मी का रडतेय?"

वर्षाने दोन वर्षांत पहिल्यांदाच कौमुदीच्या बाबांना फोन लावला. पलीकडे कुणीतरी तो उचलला. नुसतं बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"हॅलो? हॅलो?" ती ओरडली.

"हळू ना, आई. तो उठेल." कौमुदी थांबली. उशीकडे बघत म्हणाली, "तो म्हणजे कोण गं?"

नाव वर्षालाही माहीत नव्हतं.