कपाटाच्या दारावरचे आकडे

"श्वास सोड," टेलर म्हणाला. "पोट आत ओढून टेपला फसवता येत नाही."

बेकरीवाल्याने नाइलाजाने श्वास सोडला आणि पोट पूर्वपदावर आलं. टेलरने सवयीप्रमाणे टेपच्या आत दोन बोटं घातली आणि आकडा वाचला, "सेहेचाळीस."

"मागच्या वर्षी चव्वेचाळीस होतं," कॉटवर बसलेला ड्रायव्हर म्हणाला.

"मला वाचता येतं," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, खडूने आपला आकडा लिहिला.

दर हिवाळ्यात हे तिघे मित्र तीन दिवसांसाठी तळ्याकाठचं हेच घर भाड्याने घेत. पहिल्या सकाळी, चहाच्या आधी, टेलर कमरा मोजायचा. मग नव्या वर्षात काय खायचं, किती चालायचं, याचे मोठमोठे बेत व्हायचे. घरी परतल्यावर ते आठवडाभरात बारगळायचे. आकडे तेवढे कपाटात राहायचे, कारण घरमालकिणीने ते कधी पुसले नव्हते.

ड्रायव्हर उठला. स्वेटर काही त्याने काढला नाही. टेलरने स्वेटरखालून टेप फिरवला आणि त्याचा हात थबकला. तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजलेला हात तो. चालून उतरलेली कमर त्याला कळायची. इथे तर पाठीचा मणकान् मणका बोटांना लागत होता. पँट पट्ट्याच्या जोरावर कशीबशी तग धरून होती, आणि त्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं होती.

टेलरने मान वर केली. "अरे, हे काय..."

"हळू," ड्रायव्हर पुटपुटला. बेकरीवाला पाठमोरा उभा राहून जुने आकडे वाचत होता. "तीन दिवस हसतखेळत जाऊ दे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलो असतो तर कळलं असतं."

"आणि वहिनी?"

"तिला सांगितलंय, डाएट चाललंय."

"आकडा बोला," तिकडून बेकरीवाला म्हणाला.

टेलरने दोन बोटांऐवजी अख्खी मूठ टेपच्या आत सरकवली. "छत्तीस."

"अडतीसवरून छत्तीस?" बेकरीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आनंद होता, पण जळफळाट त्याहून जास्त होता. छत्तीस लिहून झाल्यावर त्याने पिशवीतून वही काढली आणि तो ड्रायव्हरसमोर फतकल मारून बसला. "सगळं सांग. कधी उठतोस, काय खातोस. उद्यापासून मीही तेच करणार."

ड्रायव्हरने एकदा टेलरकडे बघितलं. "पहाटे उठायचं," तो म्हणाला. "तासभर चालायचं. साखर बंद."

"पाव?"

"बंद."

"माझ्या बेकरीतलासुद्धा?"

"तो तर सगळ्यात आधी."

तिघेही हसले. टेलरही हसला, आणि आपण हसलो याची त्याला लाज वाटली. बेकरीवाला एकेका ओळीखाली पट्टी धरून रेघ मारत होता. दुपारी ड्रायव्हरने आपलं अर्धं सूप त्याच्या वाटीत ओतलं, तेव्हा त्याने ते आधी पिऊन टाकलं आणि मग वहीत लिहिलं: जेवण निम्मं. टेलरला दिवसभर घास गोड लागला नाही. मित्र हातचा जाईल ही भीती त्याच्या मनातून हलत नव्हती, तरी तो मूग गिळून बसला. छत्तीस हा आकडा त्यानेच तर सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी नीट उजाडायच्या आत बेकरीवाला कानटोपी घालून ड्रायव्हरच्या कॉटपाशी हजर झाला. "चला गुरू. तासभर."

टेलर जागाच होता. आता तरी अडवावं, असं त्याच्या मनात आलं. पण ड्रायव्हर मुकाट्याने बुटांच्या नाड्या बांधत होता आणि मान वर करत नव्हता. दोघे बाहेर पडले. टेलर खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि काचेवरचं धुकं बाहीने पुसत राहिला.

तळ्याकाठच्या रस्त्यावर बेकरीवाला पुढे होता, हात हलवत, बोलत. तिसऱ्या दिव्यापाशी ड्रायव्हर कठड्यावर बसला. बेकरीवाला एकटाच बोलत बराच पुढे गेला, मग थांबला, वळला आणि धावत मागे आला. तो वाकून काहीतरी विचारत होता. मग त्याने मित्राचा स्वेटर जरासा वर केला, बघितलं आणि तो हळूच खाली ओढला.

तेवढंसं अंतर परत यायला त्यांना पाव तास लागला. बेकरीवाल्याने ड्रायव्हरला शेगडीपाशी बसवलं, त्याच्याभोवती ब्लँकेट गुंडाळलं, कानापर्यंत वर घेतलं. मग खिशातून वही काढली, कालच्या पानावर आडव्यातिडव्या दोन रेघा मारल्या आणि खाली एक ओळ लिहून ती टेलरपुढे धरली.

सोमवार, सकाळी नऊ. दवाखाना. तिघेही.

"मला काही झालेलं नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"तुला कुणी विचारलंय?" बेकरीवाला म्हणाला.

त्याने कपाटाचं दार उघडलं आणि छत्तीस तळहाताने पुसून टाकला. खडू हातात घेऊन, मागे न बघता, तो टेलरला म्हणाला, "आता खरा आकडा सांग."

टेलरने टेप बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"बत्तीस," शेगडीपासून ड्रायव्हरच म्हणाला. "मी रोज मोजतो."