सरोवरातली भेसळ

“विचारणार कुणाला?” प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ज्याला विचारायचं, तो माणूसच राहिला नाही.”

“नियम आहे,” ती म्हणाली. “मतदानाआधी विचारायचं. दोन्ही चमकांबद्दल.”

बैठकीच्या खोलीत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. खिडकीबाहेर सरोवर पसरलं होतं, करडं आणि सपाट. त्याच्या पोटात, ऊन पोचत नाही इतक्या खोल, केबलींना काचेचे गोळे टांगलेले होते. पृथ्वीच्या पलीकडून शिरलेला एखादा न्यूट्रिनो कण आरपार येऊन क्वचित पाण्यातल्या अणूवर आपटला, की अंधारात निळसर उजेड फाकायचा आणि गोळे तो टिपायचे. कुठे तरी तारा फुटल्याची, कुठल्या तरी कृष्णविवराने काही गिळल्याची ती खबर असायची. इथे सगळे तिला नुसती ‘चमक’ म्हणत.

चमका दुर्मीळ. वाट पाहून माणसं पेंगायला लागतात, नाहीतर नको तिथे त्यांना चमक दिसायला लागते. म्हणून गटातला एक जण अधूनमधून यंत्राच्या नोंदींत गुपचूप एखादी खोटी चमक सोडून द्यायचा. तो भेसळवाला. तो कोण, हे कुणाला कळता कामा नये. चमक जाहीर करायची की नाही, या मतदानाआधी प्रमुखांनी विचारायचं, ही चमक तुझी का? असेल तर तेव्हा बोलायचं. त्याआधी जीव गेला तरी नाही. भेसळवाला गप्प राहिला, तर चमक खरी.

गुपित कसलं, भेसळवाला म्हणजे तिचे बाबा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना चेहऱ्यावरचं हसू लपवता यायचं नाही. भेसळ केलेल्या दिवशी ते दुपारच्या चहाला शीळ घालत यायचे.

बाबा गेले त्याला आता बरेच महिने झाले होते. हॉस्पिटलात ते डॉक्टरांपेक्षा लॅपटॉपची चौकशी जास्त करायचे. शेवटी तिने तो नेऊन दिला आणि रोज संध्याकाळी उशाशी बसायला लागली. प्रमुख भेटायला आले तेव्हा म्हणाले होते, अहो, आता तरी कामाचं सोडा. बाबा म्हणाले, “मी पडूनच आहे. हात हिचे चालताहेत.” तिघंही हसले होते.

बाबा गेल्यानंतर दोन चमका आल्या.

पहिली प्रमुखांना सापडली. सरळ रेषेत, एकामागून एक गोळे उजळत गेलेले, कुठे काही सांडलेलं नाही. गोळे पाण्यात सोडणाऱ्या तराफ्याचा मुकादम ती पाहून म्हणाला होता, लग्नातल्या फोटोसारखी आहे, सगळे जागच्या जागी. त्याला पोहता येत नसल्यामुळे सगळे त्याला पाणबुड्या म्हणत. प्रमुखांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

दुसरी तिला सापडली. प्रचंड होती. अर्ध्या सरोवरातले गोळे एकदम पेटलेले, एका बाजूला सगळं विस्कटलेलं. एवढी ताकदवान चमक या यंत्राने कधी पाहिली नव्हती. तिने प्रत्येक गोळ्याची वेळ पुन्हा लावली, दिशा पुन्हा काढली. चमक खालून वर आली होती, अख्खी पृथ्वी ओलांडून.

प्रमुखांचं म्हणणं वेगळं होतं. ही भेसळ बाबांनीच जाता जाता वेळ लावून पेरली असणार. एवढा भपका त्यांनाच शोभतो, साधं काही त्यांना जमायचं नाही. अशा आणखी किती पेरल्यात, कोण जाणे. म्हणजे इथून पुढे या सरोवरातल्या कशावरच भरवसा नाही. पहिली चमक जाहीर करायची, दुसरी टाकून द्यायची, गोळ्यांची वीज तोडायची. पहिल्या चमकेच्या जोरावर त्यांना नव्या, मोठ्या यंत्राचं प्रमुखपद मिळणार होतं, हे कुणी बोललं नाही.

“बाबा खोटं पेरायचे,” ती म्हणाली, “पण पेरून पळाले नसते.”

“बाळ, दुःखात माणसाला...”

“बाळ म्हणू नका. मी इथे दिशा काढते. चूक असेल तर दाखवा.”

चूक कुणालाच दाखवता आली नाही. प्रमुखांनी तिला रजा घ्यायला सुचवलं. ती म्हणाली, वीज तोडायची तर आधी नियमाने विचारा, मग मला रजा कसली, निरोपच द्या. पाणबुड्या टेबलाखाली तिची बाही ओढत होता. तिने हात सोडवून घेतला.

“विचारा की,” शेवटी तोच कुरकुरला. “विचारायला वीज लागत नाही.”

एकदोघं हसले. प्रमुख उसासा टाकून उठले. बाबांची खुर्ची दाराजवळ होती, अजून कुणी हलवली नव्हती. त्या रिकाम्या खुर्चीकडे हात करून, लहान मुलाची समजूत काढावी तसे ते म्हणाले, “भेसळवाल्या, दुसरी चमक तुझी का?”

खोली गप्प. ती हात टेबलावर ठेवून बसली होती. कुणी तरी खाकरलं.

“झालं समाधान?”

“आता पहिलीबद्दल विचारा.”

“पहिली माझी आहे.”

“तरी विचारा.”

प्रमुखांनी इतरांकडे पाहिलं, पाहताय ना, अशा नजरेने. मग पुन्हा खुर्चीकडे वळले. “पहिली चमक तुझी का?”

ती उठली, दाराजवळ गेली आणि बाबांच्या खुर्चीत बसली.

“हो,” ती म्हणाली. “माझी.”